सरत्या हिवाळ्याचे हिम

हिमाशी मराठी माणसाचा संबंध बहुतांशी पुस्तकी आहे. काव्यांतील हिमालयवर्णने आणि बद्री-केदारची यात्रा करून आलेल्या वडीलधाऱ्यांच्या आठवणी, एवढ्यावरच आपली हिमाची कल्पना पोसलेली असते. सह्याद्रीत पाऊस उदंड, पण हिम नाही. त्यामुळे ‘डोंगरात बर्फ कधी पडेल?’ हा प्रश्न आपल्याला काहीसा चैनीचा, सहलीला निघालेल्या मंडळींचा वाटतो. उत्तरेत येऊन राहिले म्हणजे हळूहळू उमगते की, या प्रश्नावर शेती, नद्यांचे पाणी आणि माणसांचे जीवही टांगलेले आहेत. आपल्या देशात तो शास्त्राच्या पातळीवर प्रथम विचारला गेला, तोही दुष्काळाच्या धास्तीने. बर्फावरचे खेळ पुष्कळ नंतर आले.

आरंभ अलीकडच्या घटनेपासून करू. काश्मीरातील गुलमर्ग हे समुद्रसपाटीपासून सुमारे २,६५० मीटर उंचीवरचे कुरण आज स्कीइंगसाठी, म्हणजे पायांना लांब पट्ट्या बांधून हिमाच्या उतारावरून घसरत जाण्याच्या खेळासाठी, देशात अग्रगण्य मानले जाते. २०२४ च्या जानेवारीत, काश्मिरी लोक ज्याला ‘चिल्लई कलान’ म्हणतात त्या कडाक्याच्या चाळीस दिवसांत, हे कुरण उघडेबोडके पडले होते. पुढल्या वर्षी, २०२५ च्या फेब्रुवारीत, तेथे भरावयाच्या ‘खेलो इंडिया’ हिवाळी स्पर्धा उतारावर पुरेसे हिम नाही म्हणून पुढे ढकलाव्या लागल्या. मग फेब्रुवारी संपता संपता हिम पडले, आणि ९ ते १२ मार्च या दिवसांत त्या स्पर्धा पार पडल्या. ऐन हिवाळ्यात रुसलेले हिम हिवाळा सरताना आले. ते येणार की नाही, आले तर किती, हे आधी सांगता येते काय? या प्रश्नाला आपल्याकडे सुमारे दीडशे वर्षांचा इतिहास आहे.

प्रथम हे हिम येते कोठून ते पाहिले पाहिजे. पश्चिम हिमालयातील हिवाळी हिम मोसमी वाऱ्यांचे देणे नव्हे. भूमध्य समुद्राच्या बाजूला उगम पावणारे कमी दाबाचे आवर्त उंचावरील पश्चिमी झोतवाऱ्याच्या ओघात इराण, अफगाणिस्तान ओलांडीत पूर्वेकडे सरकतात आणि हिमालयाच्या भिंतीवर चढताना आपले बाष्प तेथे टाकतात. हवामानशास्त्रात त्यांना ‘पश्चिमी विक्षोभ’ असे नाव आहे. डोंगरावर ते हिमाच्या रूपाने उतरतात, पंजाब-दिल्लीच्या मैदानात पावसाच्या रूपाने. आपल्याकडे हिवाळ्यात अवचित पाऊस आला की त्याला मावठा म्हणतात, आणि आंब्याचा मोहोर गळेल, ज्वारी काळी पडेल, म्हणून शेतकरी कपाळाला हात लावतो. उत्तरेत त्याच्याशी नावाचे साम्य असलेला पाऊस, ‘महावट’ किंवा ‘मावठ’, गव्हाच्या दृष्टीने सोन्याचा मानतात. एकाच ऋतूतील पावसाविषयी दोन प्रदेशांची मते इतकी भिन्न असावीत, यातच हवामानाच्या भाकिताची एक अडचण दिसून येते. कोणत्याही भाकिताकडे पाहताना ते कोणासाठी केले आहे, हे आधी विचारावे लागते.

पहिले भाकीत केले गेले ते मैदानातील शेतकऱ्यासाठी, किंवा अधिक प्रामाणिकपणे सांगावयाचे तर, त्या शेतकऱ्याच्या सारा-वसुलीवर चालणाऱ्या सरकारसाठी. १८७६ साली दख्खनच्या पठारावर पाऊस फसला. सोलापूर, पुणे, सातारा, नगर या जिल्ह्यांत जे हाल झाले त्यांचे वृत्तान्त गोळा करून पुण्याच्या सार्वजनिक सभेने सरकारपुढे मांडले, हे आपल्या इतिहासाच्या वाचकांस ठाऊक आहेच. पुढल्या वर्षी, १८७७ मध्ये, उत्तर भारतातही मोसमी पावसाने पाठ फिरविली. १८७६ ते १८७८ या काळातील या महादुष्काळात केवळ ब्रिटिश अमलाखालील प्रदेशात पन्नास लाखांहून अधिक माणसे मेली.

त्या वेळी भारतीय हवामान खाते अवघे दोन वर्षांचे होते. १८७५ साली ते स्थापन झाले, आणि हेन्री ब्लॅनफर्ड हे त्याचे पहिले प्रमुख. ब्लॅनफर्ड मूळचे भूगर्भशास्त्रज्ञ. दगडांचे थर वाचण्याची सवय असलेल्या या माणसाने आता ऋतूंचे थर वाचावयास घेतले. १८७७ च्या वसंतात पश्चिम हिमालयात हिम नेहमीपेक्षा बरेच अधिक पडले होते, आणि उशिरापर्यंत पडत राहिले होते. त्यापाठोपाठ मैदानात कोरडे वारे वाहत राहिले आणि पाऊस आला नाही. हा योगायोग की कार्यकारणभाव? ब्लॅनफर्ड यांनी मागील वर्षांची टाचणे तपासली, आणि १८८४ साली लंडनच्या रॉयल सोसायटीपुढे निबंध मांडला. त्याचा आशय असा की, हिमालयातील हिमाचा विस्तार व जाडी यांचा वायव्य भारताच्या हवामानावर मोठा आणि दीर्घकाळ टिकणारा परिणाम होतो.

यामागचा विचार साधा होता. पांढरे हिम सूर्याचे बरेचसे किरण परत फेकते. उरलेली उष्णता त्याच्या वितळण्यातच खर्ची पडते. म्हणजे एप्रिल-मेमध्ये डोंगरावर हिमाची जाड दुलई असेल तर तेथील जमीन व हवा तापावयास विलंब लागतो, थंड व कोरडे वारे मैदानावर वाहत राहतात, आणि समुद्रावरील बाष्प ओढून आणणारी ओढ क्षीण पडते. यांत जानेवारीच्या हिमापेक्षा सरत्या हिवाळ्याचे हिम महत्त्वाचे. जानेवारीतले हिम मेपर्यंत बरेच निवळलेले असू शकते. एप्रिलमध्ये पडलेले हिम ऐन मोसमाच्या तोंडावर समोर उभे असते.

या आधारावर १८८२ ते १८८५ या चार वर्षांत ब्लॅनफर्ड यांनी प्रायोगिक अंदाज केले. त्यांना यश आले, आणि ४ जून १८८६ रोजी मोसमी पावसाचा पहिला नियमित दीर्घ मुदतीचा अंदाज प्रसिद्ध झाला. त्यामागे हिमालयाच्या उतारावरील उशिराचे हिम होते. सोलापूरच्या कुणब्याने ज्याचा कणही कधी पाहिला नाही, त्या हिमावरून त्याच्या शेताचे भवितव्य वाचण्याचा हा प्रयत्न होता.

प्रयत्न उमदा होता, पण त्याचा पाया कच्चा होता. उंच खिंडींतून मोजमापाची साधने नव्हती. हिम ‘पुष्कळ’ की ‘बेताचे’ हे डोंगरी मुलुखातून येणाऱ्या वृत्तांवर ठरे, आणि ‘पुष्कळ’ या शब्दाचे वजन दोन माणसांच्या लेखणीत कधी सारखे नसते. ज्यांनी सरकारी कागद हाताळले आहेत त्यांना हे निराळे सांगावयास नको. ब्लॅनफर्ड १८८९ साली निवृत्त झाल्यावर त्यांच्या जागी आलेले जॉन एलियट यांनी हिमाच्या जोडीला हिंदी महासागर व ऑस्ट्रेलियाकडील हवेची स्थिती, उन्हाळ्यातील देशांतर्गत लक्षणे, असे अनेक पुरावे जमविले. भाकिताचे लेख लांबत गेले. मग १८९९ साल उजाडले. अंदाज समाधानकारक पावसाचा होता. प्रत्यक्षात जो दुष्काळ पडला त्याला गुजरात-राजस्थानात विक्रम संवत १९५६ वरून ‘छप्पनिया’ म्हणतात, आणि त्याची आठवण आजही लोकांच्या बोलण्यात आहे. पुरावे वाढले म्हणजे खात्री वाढतेच असे नाही, हा धडा हवामान खात्याने फार महागात घेतला.

१९०४ साली गिल्बर्ट वॉकर आले. केंब्रिजच्या गणित परीक्षेत ते सर्वप्रथम आलेले होते, पण हवामानशास्त्राचा अनुभव त्यांना नव्हता. कदाचित म्हणूनच त्यांनी जुने प्रश्न नव्या तऱ्हेने विचारले. अमुक गोष्टीमुळे पाऊस कसा पडतो, हा वाद त्यांनी बाजूस ठेवला. जगभरच्या आकड्यांचा भारतातील पावसाशी किती मेळ बसतो, तेवढे मोजावयास सुरुवात केली. हे मोजण्याचे काम हाताने चाले, आणि ते करीत हवामान खात्यातले हिंदी कारकून. वर्षानुवर्षे कागदावर मांडलेल्या त्या गुणाकार-भागाकारांतून पुढे दक्षिण गोलार्धातील वायुभाराच्या हेलकाव्याचा जगप्रसिद्ध शोध उभा राहिला. वॉकर यांचे नाव त्या शोधाला चिकटले, तसे ते चिकटावे हे योग्यच. ज्यांच्या लेखण्या त्यासाठी झिजल्या त्यांतील बहुतेकांची नावे कोणाच्या ध्यानात नाहीत.

वॉकर यांच्या १९०९ च्या सूत्रात हिमालयातील मेअखेरचे हिम होते, पण एकटे नव्हते. त्याच्या जोडीला मॉरिशस व दक्षिण अमेरिका येथील वायुभार आणि झांझिबारकडील पाऊस होता. राजाचा मंत्री व्हावा तसे हिमाचे स्थान झाले. पुढे १९७६ मध्ये हान आणि जगदीश शुक्ल यांनी उपग्रहांनी टिपलेल्या हिमाच्छादनाच्या आधारे दाखविले की, युरोप-आशियावर हिम अधिक पसरले त्या वर्षी भारतातील पाऊस उणा राहण्याकडे कल दिसतो. ब्लॅनफर्ड यांचे बोट योग्य दिशेला होते, एवढे त्यावरून सिद्ध झाले. पण हा संबंध सर्व काळी सारखा टिकत नाही, असेही पुढील अभ्यासांत आढळून आले.

याच कथेचा एक धागा पुण्यात येऊन पोहोचतो. हवामान खात्याचे मुख्य कार्यालय १९०५ साली कलकत्त्याहून सिमल्यास गेले, आणि १९२८ साली सिमल्याहून पुण्यास आले. शिवाजीनगरच्या त्या दगडी इमारतीस पुणेकरांनी ‘सिमला ऑफिस’ असे नाव दिले. १९४४ साली मुख्य कार्यालय दिल्लीस हलले, पण नाव राहिले. आजही तेथल्या चौकाला सिमला ऑफिस चौक म्हणतात. बसच्या वाहकाच्या तोंडून रोज निघणाऱ्या त्या नावात, आपला पाऊस एके काळी हिमालयाच्या हिमावरून ताडला जात होता, याची पुसटशी खूण शिल्लक आहे.

इतका वेळ हिमाचा विचार चालला तो पावसाचे लक्षण म्हणून. खुद्द हिमाचेच भाकीत करण्याची गरज भासली ती माणसे हिमात वावरू लागल्यावर. गुलमर्गला ब्रिटिश अधिकाऱ्यांनी १९२७ साली स्की क्लब ऑफ इंडिया स्थापन केला. स्वातंत्र्यानंतर, काश्मीरातील पहिले युद्ध चालू असतानाच, १९४८ च्या डिसेंबरात भारतीय सेनेने तेथे स्कीइंगचे शिक्षण देणारी शाळा काढली. तीच पुढे अत्युच्च प्रदेशातील युद्धशिक्षणाची संस्था झाली. सैनिकाला जून महिन्यात पाऊस किती पडेल याच्याशी कर्तव्य नव्हते. उद्या सकाळी हा उतार ओलांडता येईल की नाही, हे त्याला हवे होते. युरोपात हा प्रश्न आधीच ऐरणीवर आला होता. स्वित्झर्लंडमध्ये दावोसच्या वरच्या वाइसफ्लूयोख येथे १९३६ पासून हिमाची नियमित मोजणी सुरू झाली, आणि १९४५ पासून तेथील संस्थेने हिमलोटांच्या धोक्याची पत्रके काढण्यास आरंभ केला. आपल्याकडे पिशारोटी व देसाई यांनी १९५६ साली पश्चिमी विक्षोभांचा महत्त्वाचा अभ्यास प्रसिद्ध केला. १९६९ मध्ये मनाली येथे हिम व हिमलोट यांच्या अध्ययनाची संस्था उभी राहिली, आणि २०२० साली ती संरक्षण संशोधनाच्या एका मोठ्या संस्थेत विलीन झाली. हिमलोटांचे इशारे आता त्या संस्थेकडून दिले जातात.

हे काम किती निकडीचे आहे, ते ८ फेब्रुवारी २०१० च्या एका घटनेवरून कळून येईल. त्या दिवशी गुलमर्गजवळच्या खिलनमर्ग येथे शिक्षण घेत असलेल्या सैनिकांच्या तुकडीवर हिमलोट कोसळला आणि सतरा जवान मृत्युमुखी पडले. जो उतार एकाला खेळाचे मैदान, तोच दुसऱ्याला मृत्यूचा सापळा ठरू शकतो.

आता हिवाळा सरताना हे भाकीत अधिकच अवघड का होते, ते पाहू. आपण डोंगर चढत जातो तसे तपमान दर हजार मीटरला सरासरी साडेसहा अंशांनी उतरते. म्हणजे हवा दोन अंशांनी उबदार झाली की, जेथे पाण्याचे हिम होते ती पातळी सुमारे तीनशे मीटर वर सरकते. जानेवारीत ही पातळी गुलमर्गच्या पुष्कळ खाली असते, त्यामुळे दोन अंशांची चूक कोणाच्या लक्षातही येत नाही. मार्चच्या मध्यानंतर ती कुरणाच्या आसपास घुटमळू लागते. मग तीच दोन अंशांची चूक ‘एक हात हिम’ आणि ‘दिवसभर पाऊस’ यांतील अंतर ठरते. गुलमर्गहून अफरवत शिखराच्या बाजूला जवळजवळ ४,००० मीटरपर्यंत नेणारा झुलता पाळणा आहे. त्याचा पहिला टप्पा १९९८ साली आणि दुसरा २००५ साली सुरू झाला. अशा दिवशी त्या पाळण्याच्या खालच्या टोकाला माणसे छत्री उघडून उभी असतात, तर वरच्या टोकाला कोरडे, भुसभुशीत हिम पडत असते. भाकीत खरे की खोटे, हे आपण कोणत्या टोकाला उभे आहोत यावर ठरते!

दुसरी गोष्ट हिमाच्या वजनाची. कडाक्याच्या थंडीतले ताजे हिम हलके असते. दहा सेंटिमीटर जाडीच्या थरात पाणी जेमतेम एक सेंटिमीटर निघते. वसंतातले हिम ओलसर आणि जड असते, त्यामुळे तेवढेच पाणी निम्म्या जाडीत मावते. अंदाजात पाण्याचे प्रमाण बिनचूक आले तरी थर किती साचेल हे चुकू शकते. शिवाय दिवसा ऊन कडक होऊन वितळलेले पाणी थरांच्या पोटात झिरपते आणि त्यांची एकमेकांवरील पकड ढिली करते. सकाळी कठीण व सुरक्षित वाटणारा उतार दुपारी घसरू लागतो. सरत्या हिवाळ्यात त्या एका दिवसाचेही सकाळ आणि दुपार असे दोन अंदाज करावे लागतात.

या अडचणींवर गणिताने बरीच मात केली आहे, यात शंका नाही. वातावरणाची समीकरणे सोडवून उद्याचे हवामान काढण्याची कल्पना लुईस रिचर्डसन यांनी १९२२ साली ग्रंथरूपाने मांडली. १९५० साली अमेरिकेत ‘एनियाक’ या संगणकाने ती प्रथम व्यवहारात आणली. आपल्याकडे १९८८ साली मध्यम मुदतीच्या अंदाजासाठी राष्ट्रीय केंद्र स्थापन झाले. पश्चिमी विक्षोभ निघाला आहे, हे आज सामान्यतः आठवडाभर आधी कळते, आणि तीन-चार दिवस उरले असता तो कोठे व किती जोराने येईल हे बऱ्याच भरवशाने सांगता येते. पण १९६३ साली एडवर्ड लॉरेन्झ यांनी दाखवून दिले की, आरंभीच्या नोंदीतील सूक्ष्म फरकही वातावरणात वाढत वाढत अंदाजाला गिळून टाकतो. म्हणून दोन आठवड्यांपलीकडे अमुक दिवशी अमुक इतके हिम पडेल असे सांगणे हे शास्त्राच्या आवाक्याबाहेर आहे. त्यापलीकडे सांगता येतो तो केवळ कल.

हा भेद आज विसरला जातो आणि त्याची किंमत काही माणसांना मोजावी लागते. गुलमर्गसारख्या ठिकाणी हिमावर ज्यांची चूल पेटते त्यांत घोडेवाले आहेत, बर्फावरची ढकलगाडी ओढणारे आहेत, वाटाडे, खाणावळवाले आणि शाली विकणारे आहेत. ‘यंदा बर्फ नाही’ अशी आवई जानेवारीत उठली की लोक ठरलेले बेत रद्द करतात, आणि मार्चमध्ये हिम पडते तेव्हा उतार तयार असतो पण खेळणारे नसतात. उलट ‘पंधरवड्याने भरपूर हिम’ असे ठामपणे सांगणाऱ्यावर विसंबून जो हंगामाचे भांडवल गुंतवितो, तो पाऊस पडताच बुडतो. त्यातच पृथ्वीचे सरासरी तपमान वाढत चालले आहे, आणि हिम-पावसाच्या सीमेवरच्या अशा मध्यम उंचीच्या जागांना तिची झळ आधी लागते. जुन्या वर्षांच्या सरासरीवर पुढल्या मार्चचा हिशेब मांडणे त्यामुळे दिवसेंदिवस धोक्याचे होत आहे.

दीडशे वर्षांच्या या इतिहासातून माझ्या मते एकच गोष्ट ठळकपणे वर येते. ब्लॅनफर्ड यांच्या वेळी साधने तुटपुंजी होती. तरीही चार वर्षे अंदाज पडताळून पाहिल्याखेरीज त्यांनी तो नियमाने जाहीर केला नाही. एलियट यांच्याजवळ पुरावे अधिक होते आणि तेच त्यांना फसवून गेले. वॉकर यांनी हिमाला त्याच्या मापाची जागा दिली. साधने बदलली, पण भाकिताची कसोटी बदलली नाही. आपल्या शब्दाची मुदत जे भाकीत स्वतःच सांगते, तेच लोकांच्या उपयोगी पडते.

म्हणून पुढल्या मार्चमध्ये कोणी विचारले की डोंगरात बर्फ पडेल काय, तर खरे उत्तर तीन तुकड्यांत द्यावे लागेल. येत्या तीन-चार दिवसांचे, तेही कोणत्या उंचीवर आणि दिवसाच्या कोणत्या प्रहरी, हे सांगून. येत्या आठवड्याचे, विक्षोभ येतो आहे की नाही एवढेच. आणि उरलेल्या हंगामाचे, ‘संभव आहे’ या दोन शब्दांत. हे शब्द कचेरीतल्या कागदावर पळवाट म्हणून पुष्कळदा येतात. हिमाच्या बाबतीत ते पळवाट नसून मोजून-मापून काढलेले उत्तर असते, आणि घोडेवाल्याने, सैनिकाने व सोलापूरच्या कुणब्याने ते तसेच ऐकावे, यासाठी सांगणाऱ्याने ते तसेच उच्चारले पाहिजे.